रेल्वेने जळगावला बाजाराला येताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पाचोऱ्याहून रोज अप-डाऊन करतो आणि फुले मार्केटजवळच्या एका कापड दुकानात काउंटरला असतो. त्यामुळे गाडीतली माणसं मला बाजाराचं विचारतात आणि दुकानातली गिऱ्हाइकं गाडीचं. लग्नसराई, आखाजी (अक्षय्य तृतीया), दिवाळी आली की फोनवर तेच प्रश्न पुन्हा सुरू होतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. गाड्यांच्या वेळा मुद्दाम दिलेल्या नाहीत, कारण त्या बदलतात. निघायच्या दिवशी १३९ वर किंवा रेल्वेच्या ॲपवर पाहूनच घराबाहेर पडा.

१. स्टेशनवर उतरल्यावर बाजार किती लांब आहे? रिक्षा करावीच लागते का?

हात मोकळे असतील तर रिक्षाची गरज नाही. शहराच्या बाजूने बाहेर पडलात की नेहरू चौक आणि सरळ पुढे टॉवर चौक. तिथून नवी पेठ, गोलाणी, फुले मार्केट, सगळं पायी होतं. पंधरा-वीस मिनिटं धरा, म्हातारं माणूस सोबत असेल तर जास्त. वाट चुकलीच तर मान वर करून महापालिकेची सतरा मजली इमारत शोधा. ती कुठूनही दिसते आणि बाजार तिच्याच आसपास आहे. फक्त पुलावरून शिवाजीनगरच्या बाजूला उतरू नका, नाहीतर रूळ ओलांडायला मोठा वळसा पडेल.

रिक्षा करायचीच असेल तर बसण्याआधी भाडं ठरवा आणि ‘शीटवर की स्पेशल’, म्हणजे माणशी भाडं की अख्खी रिक्षा, हेही विचारून घ्या. भांडणं नेमकी त्यावरूनच होतात.

२. गोलाणी, फुले मार्केट, खान्देश सेंट्रल... कशासाठी कुठे जायचं?

मोबाइल, त्याची दुरुस्ती, कव्हर-चार्जर, कॉम्प्युटरचं सामान यासाठी गोलाणी. आत गाळे इतके आहेत की पहिल्यांदा येणारा माणूस ज्या जिन्याने चढतो त्याच जिन्याने उतरत नाही. म्हणून दुकानाचं नाव आणि मजला लिहून ठेवा. कपडे, साड्या, लेकरांचं, चप्पल-बूट, पर्स यासाठी महात्मा फुले मार्केट आणि त्याच्या भोवतालचे रस्ते. सोनं-चांदी सराफ बाजारात. डाळ, धान्य, किराणा घाऊक भावात हवा असेल तर दाणा बाजार. डाळमिलचं गाव आहे हे, तूरडाळ इथून न नेणारा पाहुणा मला विरळाच दिसतो.

खान्देश सेंट्रल हे स्टेशनजवळच, जुन्या खान्देश मिलच्या जागेवर उभं आहे. गाडीला अवकाश असेल आणि उन्हात फिरायचं नसेल तर सोयीचं. पण भाव करायची हौस असेल तर पाय पेठेकडेच वळवा. मॉलमध्ये ‘काय कमी करशील, भाऊ?’ हे वाक्य चालत नाही.

३. आमच्या गावाहून थेट गाडी आहे का?

जळगावला दोन मार्ग मिळतात. मुंबईकडून येणारा मध्य रेल्वेचा मार्ग चाळीसगाव, कजगाव, नगरदेवळा, पाचोरा, म्हसावद, शिरसोली असा येतो आणि पुढे भादलीवरून भुसावळला जातो. दुसरा मार्ग सुरतेकडचा, पश्चिम रेल्वेचा. नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, अमळनेर, धरणगाव, पाळधी ही त्यावरची गावं.

सावदा, निंभोरा, रावेर, बऱ्हाणपूरकडचे प्रवासी खंडव्याच्या फाट्यावरून आणि बोदवड, मलकापूरकडचे नागपूरच्या मार्गावरून भुसावळला येतात. थेट गाडी नसेल तर भुसावळला बदला. तिथून जळगाव जेमतेम २४ किलोमीटर आहे.

पारोळा, एरंडोल, चोपडा, यावल, फैजपूर या गावांना रेल्वेच नाही. चोपड्याची काही मंडळी अमळनेर किंवा धरणगावपर्यंत येऊन गाडी धरतात. माझ्या मते त्यात वेळ वाचत नाही, एसटीने सरळ यावं.

४. धुळ्याहून रेल्वेने यावं की एसटीने?

एसटीने. धुळ्याची रेल्वे चाळीसगावला जाते, ५६ किलोमीटर. तिथे गाडी बदलून जळगाव आणखी ९० च्या वर. रस्त्याने मात्र पारोळा, एरंडोलवरून सगळं मिळून तेवढंच अंतर आहे. रेल्वेने येण्यात अर्थ एकाच वेळी : सोबत चाळीसगावचे पाहुणे घ्यायचे असतील तेव्हा.

५. पाचोरा-जामनेर गाडी पुन्हा सुरू झाली की जामनेरकरांना रेल्वेने येता येईल ना?

ती छोटी गाडी, आपली ‘पीजे’, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थांबली. ५६ किलोमीटरचा तो नॅरोगेज मार्ग ब्रॉडगेज करून पुढे बोदवडपर्यंत न्यायचा असं ठरलेलं आहे. पण लक्षात घ्या, पीजे चालू होती तेव्हाही जामनेरचा माणूस बाजाराला जळगावला एसटीनेच यायचा. आधी पाचोऱ्याला जायचं आणि मग परत जळगावकडे फिरायचं, हा उलटा घास कोण घेणार? पीजे होती ती पहूर, शेंदुर्णीच्या लोकांना पाचोऱ्याला नेणारी. तिचं प्रेम वेगळं, बाजाराची सोय वेगळी.

६. दिवसभराची खरेदी आहे. किती वाजता यावं, कशी आखणी करावी?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि बहुतेक जण तो उलटा विचारतात. सकाळची कोणती गाडी धरू, असं. सकाळी लवकर पोहोचून उपयोग काय? कापड आणि सराफाची दुकानं रेल्वेच्या घड्याळाने उघडत नाहीत. सातला उतरलेली माणसं दहापर्यंत टपरीवर चहा पीत बसलेली मी रोज बघतो. मग दुपारी उन्हात घाई, आणि संध्याकाळी निम्मी यादी खिशात तशीच.

आधी परतीची गाडी पक्की करा. एकच गाडी नाही, दोन : एक ठरलेली आणि ती चुकली तर तिच्यानंतरची. ती दुसरी गाडी तुमच्या गावाला थांबते का, तेही पाहा. एक्सप्रेस गाड्या म्हसावद, शिरसोली, भादली, पाळधी यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. मग त्या वेळेतून एक तास वजा करा. त्या तासात काही विकत घ्यायचं नाही, फक्त गोळा करायचं आणि स्टेशन गाठायचं. म्हणजे साडेसहाची गाडी असेल तर तुमचा बाजार साडेपाचला संपला.

उरलेल्या वेळात क्रम असा ठेवा. जिथे बसून निवडायचं आहे ते आधी : साड्या, सोनं, मोबाइल. जिथे फक्त उचलायचं आहे ते शेवटी : डाळ, भांडी, चप्पल. लोक नेमकं उलटं करतात. दाणा बाजार वाटेत लागला म्हणून दहा किलो डाळ घेतात आणि ती काखेत मारून चार दुकानं साडी बघत हिंडतात. अशा गिऱ्हाइकाला दुसऱ्या दुकानापर्यंतच घाम फुटलेला असतो. तिसऱ्यात ते पहिली दाखवलेली साडी घेऊन मोकळं होतं. आमचा फायदा, तुमचा तोटा.

एप्रिल-मे असेल तर दुपारी बारा ते चार छताखालची कामं. जळगावचा पारा ४५ गाठतो, उपरणं आणि पाण्याची बाटली विसरू नका.

७. मेमूचं तिकीट १० रुपये की ३०? एकाने १० सांगितलं, खिडकीवर ३० घेतले.

दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. कोरोनानंतर पॅसेंजर गाड्या एक्सप्रेसच्या दराने सुरू झाल्या, तेव्हा कमीत कमी भाडं १० वरून ३० झालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये रेल्वेने साध्या गाड्यांचा जुना दर परत आणला. मेल-एक्सप्रेसचं किमान भाडं मात्र ३० च आहे. गाडीच्या नावात ‘एक्सप्रेस’ असेल तर डबे मेमूचे असले तरी भाडं एक्सप्रेसचं. म्हणून खिडकीवर ‘पाचोरा एक’ एवढंच म्हणू नका, कोणत्या गाडीने जाणार तेही सांगा.

साधं तिकीट काढून एक्सप्रेसमध्ये बसलात आणि तपासनीस आला, तर फरक आणि वर दंड. वीस रुपयांसाठी ही हौस करू नये.

८. सकाळीच परतीचं तिकीट काढून ठेवलं तर संध्याकाळची रांग टळेल का?

नाही. १९९ किलोमीटरपर्यंतच्या जनरल तिकिटावर तीन तासांच्या आत, किंवा त्या दिशेची पुढची पहिली गाडी सुटेपर्यंत, यातलं जे उशिरा असेल तोवर प्रवास सुरू करावा लागतो. हा नियम मार्च २०१६ पासून आहे. पाचोरा, अमळनेर, चाळीसगाव, नंदुरबार सगळेच या अंतरात बसतात. सकाळी दहाला काढलेलं तिकीट संध्याकाळी सातला दाखवलं तर तुम्ही विनातिकीट. २०० किलोमीटरच्या पुढे जाणाऱ्याला तीन दिवस आधी तिकीट काढता येतं. जळगावहून सुरतेला परतणारा भाऊबंद असेल तर त्याला हे सांगा.

रांग टाळायला ॲप बरं, पुढचा प्रश्न पाहा.

९. ॲपवर तिकीट काढता येतं ना? फलाटावर उभं राहून निघत नाही असं का होतं?

रेल्वेचं ‘रेलवन’ ॲप जुलै २०२५ मध्ये आलं, त्याआधीपासून ‘यूटीएस’ होतंच. घरून, दुकानातून, रिक्षातून तिकीट निघतं. स्टेशनात शिरल्यावर किंवा रुळाजवळ उभं राहून निघत नाही, कारण तपासनीस दिसल्यावर तिकीट काढणाऱ्यांचा बंदोबस्त करायचा होता. आत आल्यावर आठवलं तर तिकीट खिडकी गाठा. एका तिकिटावर चार जण बसतात. वीस जणांची वरात असेल तर खिडकी बरी.

दोन गोष्टी लोक मानत नाहीत म्हणून ठळक सांगतो. तिकिटाचा स्क्रीनशॉट चालत नाही, ॲप उघडूनच दाखवावं लागतं. आणि दिवसभर साड्यांचे फोटो घरी पाठवून बॅटरी संपली, हे कारण तपासनिसापुढे टिकत नाही. भाडं अधिक कमीत कमी २५० रुपये दंड.

१०. जनरल तिकिटावर स्लीपरमध्ये ‘फक्त भुसावळपर्यंत’ बसलं तर?

चालत नाही, एका स्टेशनापुरतंही नाही. सुपरफास्ट गाडीच्या जनरल डब्यातही साधं एक्सप्रेस तिकीट पुरत नाही, वर १५ रुपये सुपरफास्टचे लागतात. पासधारकांनाही हे लागू आहे. एमएसटी (महिन्याचा पास) म्हणजे कोणत्याही गाडीचा परवाना नव्हे, आरक्षित डब्याचा तर नाहीच.

११. मुंबईकडे जाणारी गाडी धरली आणि अमळनेरला पोहोचलो. आम्हाला पाचोऱ्याला जायचं होतं!

होतं असं, आणि चांगल्या शिकलेल्या माणसांचं होतं. जळगावहून मुंबईच्या दिशेला दोन फाटे आहेत (प्रश्न ३). ‘मुंबईची गाडी’ म्हटलं की ती पाचोरा-चाळीसगाववरूनच जाईल असं नाही. खान्देश एक्सप्रेस हे उत्तम उदाहरण. नाव खान्देश, जाते मुंबईला, पण नंदुरबार-सुरत मार्गे, आणि रोज धावतही नाही. भुसावळ-सुरत पॅसेंजरही त्याच बाजूची.

फलाटावर ‘मुंबईला जाते का?’ असं विचारू नका. ‘पाचोऱ्याला थांबते का?’ असं विचारा, आणि एकाला नाही, दोघांना. डब्यावरची पाटी वाचा. इगतपुरी-भुसावळ मेमू आणि महाराष्ट्र एक्सप्रेस या चाळीसगावच्या बाजूच्या ओळखीच्या गाड्या. चुकलातच तर पुढच्या स्टेशनवर उतरून आधी तिकीट खिडकी गाठा, नवीन तिकीट काढा आणि मगच उलटी गाडी धरा.

१२. नंदुरबार ते भुसावळ तिकीट आहे. मध्ये जळगावला उतरून खरेदी करून त्याच तिकिटावर पुढे गेलो तर?

५०० किलोमीटरपर्यंतच्या तिकिटावर मध्ये उतरून थांबायची सवलत नाही. जळगावपर्यंत एक आणि जळगावहून भुसावळ दुसरं, अशी दोन तिकिटं काढा. पैशाचा फरक मामुली आहे.

१३. लग्नाचा बस्ता जळगावला काढायचा आहे, पंधरा-वीस माणसं आहेत. रेल्वेने जमेल?

यायला जमेल, जायला अवघड. सकाळी सगळे रिकाम्या हाती आणि उत्साहात असतात. संध्याकाळी नवरीचा शालू, हळदीची साडी, मानपानाच्या साड्या, टॉवेल-टोप्या, आहेराचे पोशाख असे गठ्ठे होतात आणि गर्दीची मेमू समोर उभी असते. गाडी काही तुमच्या व्याह्यांसाठी थांबणार नाही. अर्धे चढले, अर्धे खाली आणि गठ्ठा दारात, हा प्रकार दर लग्नसराईत दिसतो.

मला विचाराल तर बस्त्याला सात-आठ माणसंच आणा : दोन्हीकडचे निर्णय घेणारे, नवरी, आणि हिशेब लिहिणारा एक. वीस माणसं आली म्हणजे वीस मतं आली. आमच्या गादीवर एका बस्त्याला मामीच्या साडीवरून असा पेच पडला की दुसरीकडच्या मावशीने स्वतःची पसंत केलेली साडी गुपचूप ढिगात परत सरकवली. सेल्समनने ती पुन्हा तिच्या पुढ्यात ठेवली, तिने पुन्हा सरकवली. तीनदा. तोंडातून शब्द नाही. शेवटी वरबापाने दोघींना एकाच ठाणातल्या, एकाच रंगाच्या साड्या काढायला लावल्या. या सगळ्यात दोन गाड्या निघून गेल्या.

गावाकडून नातेवाइकांची यादी नावनिशी लिहून आणा. प्रत्येक नावापुढे साडी की टॉवेल-टोपी, आणि रक्कम. ही वही नसेल तर बस्ता संध्याकाळी संपत नाही. माल जास्त असेल तर परतीला टेम्पो किंवा क्रूझर ठरवा आणि माणसांना गाडीने पाठवा. गठ्ठे टेम्पोच्या टपावर असतील तर ताडपत्री लागेलच, वैशाखातही वळवाचा भरवसा नसतो.

१४. सोबत किती सामान मोफत नेता येतं?

सेकंड क्लासला माणशी ३५ किलो, वर थोडी सूट धरली तर आणखी दहा. त्यापुढचं सामान आधी बुक करून ७० किलोपर्यंत नेता येतं. न बुक करता जादा सामान सापडलं तर सहापट दराने आकारणी होते. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला निम्मी मर्यादा. खरं सांगायचं तर बाजाराच्या पिशव्या कोणी तोलत बसत नाही. अडचण वजनाची नसून जागेची असते. दारात गठ्ठा ठेवून त्यावर बसलात तर प्रवासीच भांडतील, तपासनिसाची वाट बघावी लागणार नाही.

१५. कूलर मेमूत चढवता येईल का? टीव्ही? लोखंडी कपाट?

मार्चपासून आठवड्याला एकदा तरी हा प्रश्न येतोच. डब्यात नेण्याच्या सामानाला आकाराची मर्यादा आहे, साधारण १०० × ६० × २५ सेंटीमीटर. कूलर त्यात बसत नाही, कपाटाचं तर नाव नको. छोटा टीव्ही खोक्यासकट कसाबसा बसतो, पण दाराच्या कोपऱ्याला लागून पडदा गेला तर दुकानदार बदलून देत नाही. मोठ्या वस्तू पार्सलने पाठवायच्या असतात, आणि चाळीस-पन्नास किलोमीटरसाठी पार्सलची यातायात परवडत नाही.

सोपा मार्ग : दुकानदारालाच पोच विचारा. पाचोरा, भडगाव, धरणगाव, जामनेरकडे त्यांच्या गाड्या जात असतात. भाव ठरवतानाच ‘घरपोच’ म्हणा. बिल झाल्यावर म्हटलं की वेगळे पैसे लागतात. वाळ्याची ताटी आणि पाण्याची मोटर मात्र हातात नेता येते. नुसतं तेच आणायचं असेल तर जरूर गाडीने या.

१६. सोनं घेऊन गाडीने परत जायचं आहे. काय काळजी घ्यायची?

आधी दुकानातली. दागिन्यावर हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हवा. एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा दागिना याच खुणेने विकायचा आहे. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून दुकानातच तपासा, सराफाला राग येत नाही आणि आला तर येऊ द्या. पक्क्या बिलात वजन, कॅरेट, त्या दिवसाचा भाव, घडणावळ आणि जीएसटी वेगवेगळे लिहून घ्या. मोड (जुनं सोनं) देत असाल तर मोडीचं वजन आणि तूट किती धरली तेही लिहून घ्या. तोंडी हिशेबात तूट नेहमी वाढलेली असते. दोन लाखांच्या वरच्या खरेदीला पॅन लागतं. रोखीने दोन लाख किंवा जास्त घेणं दुकानदाराला कायद्याने मना आहे.

आता गाडीतली. सराफाची रंगीत पिशवी हातात मिरवू नका. डबी घरच्या साध्या पिशवीत, तळाशी. फलाटावर ‘बघू, बघू’ म्हणून दागिना उघडून दाखवणं हा आखाजीच्या आदल्या दिवशीचा नेहमीचा देखावा आहे. माहेरी आलेल्या लेकीला घाई असते, कळतं. पण बघणारे फक्त घरचेच नसतात. बिल दागिन्यासोबत नको, वेगळं ठेवा. आचारसंहिता लागू असेल आणि ५० हजारांच्या वर रोकड घेऊन बाजाराला येत असाल तर बँकेची नोंद किंवा शेतमाल विक्रीची पावती जवळ ठेवा.

१७. दिवाळीचे फटाके जळगावला स्वस्त मिळतात. थोडेसे पिशवीत नेले तर?

थोडेसेही नाही. फटाके, गॅसचं सिलिंडर, पेट्रोल, रॉकेल, ॲसिड रेल्वेत बंद. रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फुलबाजीचं खोकं सुद्धा फटाकाच. गावातल्या दुकानातून दहा-वीस रुपये जास्त देऊन घ्या.

१८. “भाऊ, मनी मायले चालता येस नही. टेसनवर जिना चढना पडस का?”

गाडी कोणत्या फलाटावर येते त्यावर आहे. उतरताना हमाल किंवा स्टेशन मास्तरांच्या ऑफिसातून व्हीलचेअर मागता येते, त्यासाठी एक जण आधी पुढे पाठवा. जाताना आईला शेवटच्या क्षणी आणू नका. फलाटाची घोषणा व्हायच्या आधीच स्टेशनात बसवा. फलाट ऐन वेळी बदलला तर धावणं तिच्याने होणार नाही, तुमच्याने होईल. खरं म्हणजे अशा माणसाला बाजारात हिंडवू नका. साड्यांचे फोटो पाठवा, पसंती फोनवर घ्या. आमच्याकडे आता निम्म्या आज्यांची पसंती व्हिडिओ कॉलवरच होते.

१९. लहान मुलांना तिकीट लागतं का?

पाच वर्षांखाली नाही. पाच ते बाराच्या आत जनरलला अर्धं. बारा झाली की पूर्ण. ‘दिसतो लहान’ हे वय नव्हे.

२०. दिवसभर पिशव्या कुठे ठेवायच्या?

जिथे सगळ्यात मोठी खरेदी केली त्या दुकानात. हजार-दोन हजारांचं बिल झालं की कोणताही दुकानदार दोन-तीन तास पिशवी ठेवून घेतो, फक्त तसं मोकळेपणाने विचारा आणि पिशवीवर नाव-गाव लिहा. दुकान किती वाजता बंद होतं हेही विचारा. शटर खाली, मालक घरी आणि तुमची परतीची गाडी फलाटावर, ही वेळ येऊ नये. सोनं, रोकड, मोबाइल यांना हा उपाय नाही.

२१. सामान चढवायला दुकानातला पोरगा फलाटापर्यंत आला तर त्याचं तिकीट?

प्लॅटफॉर्म तिकीट, दहा रुपये, दोन तास चालतं. गाडीत चढून सामान लावेपर्यंत गाडी सुटली तर मात्र तोही विनातिकीट प्रवासी. त्याला दारातूनच गठ्ठा द्यायला सांगा.

२२. शेवटची गाडी चुकली तर?

घाबरू नका, पण फलाटावर बसूनही राहू नका. आधी बघा की लांब पल्ल्याची एखादी गाडी तुमच्या किंवा शेजारच्या स्टेशनला थांबते का. पाचोऱ्याचा माणूस चाळीसगावला, सावद्याचा भुसावळला उतरून पुढची सोय करू शकतो. त्यासाठी गाडीप्रमाणे तिकीट नवीन काढा (प्रश्न ७, १०). तेही नसेल तर नवीन बसस्थानकावर जा. रेल्वे स्टेशनपासून ते थोडं लांब आहे, पिशव्या असतील तर रिक्षा करा. सोबत बायका-लेकरं आणि अंगावर नवं सोनं असेल तर रात्रीच्या मिळेल त्या काळी-पिवळीत बसण्यापेक्षा नातेवाइकाकडे मुक्काम बरा. जळगावात नातेवाईक नाही असं कुटुंब खान्देशात सापडायचं नाही.

२३. साडी घरी आवडली नाही. बदलायला पुन्हा जळगावला यावं लागेल का?

बिल करतानाच ठरवून घ्या : बदलून मिळेल का, किती दिवसांत, आणि पैसे परत की दुसरा माल. हे बिलाच्या पाठीमागे लिहून घ्या. फॉल-पिको केलेली, ब्लाउज पीस कापलेली साडी कोणीच घेत नाही, मग तुम्ही मालकाचे पाव्हणे का असेनात. गावातून रोज अप-डाऊन करणारा कोणी असेल तर त्याच्या हाती पाठवा, दुकानदाराला आधी फोन करून. माझ्या पिशवीत अशी एखादी साडी बहुतेक वेळा असतेच. फक्त ती परत करण्याचं कारण मला सांगत बसू नका, काउंटरवर मला ते तोंडपाठ होतं.

२४. परत जाताना भरीताची वांगी आणि केळी न्यायची आहेत. गाडीत चालतात?

चालतात, भाजीपाल्याला बंदी नाही, ३५ किलोच्या हिशेबात मात्र धरा. वांगी हिवाळ्यातच घ्या. हिरवी, लांबोडी, हाताला हलकी, देठ ताजा. जड वांगं म्हणजे आत बिया. जळगावच्या भरीताच्या वांग्याला आणि केळीला दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे त्या नावाने काहीही विकणारे वाढले आहेत, वांगं बामणोद गावचं आहे का विचारा. केळीचा फणा पिवळा झालेला नको, हिरवट घ्या. मेमूच्या गर्दीत पिकलेल्या केळीचं शिकरण पिशवीतच होतं, आणि त्याच पिशवीत बस्त्याची साडी असेल तर प्रश्न २३ सुद्धा कामाचा नाही.